कुणाची गं तू

असुन्सिओनच्या इस्पितळात, रात्रपाळीला,
तेरा नंबरच्या खाटेवरचा म्हातारा
(चाकोतल्या वसाहतीतून आणलेला, नुसता सापळा)
डोळे न उघडता त्याच्या बोलीत विचारतो:
कुणाची गं तू?
सलाइनची नळी माझ्या हातात तशीच राहते.

ओळखते मी हा प्रश्न.
त्या गावात तो नमस्काराच्या जागी होता.
मग बाप सांगायचा, आजा सांगायचा,
आज्याच्या आज्यानं रशिया कधी सोडला,
कॅनडा का सोडला, तेही.
समोरचा मान हलवायचा: म्हणजे आपल्यातलीच.
माझं एका श्वासात संपायचं.
आई डेअरीत कॅन घासते.
बाप एका ट्रकबरोबर आला, दुसऱ्या ट्रकबरोबर गेला.

रविवारी प्रार्थनाघरात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे,
मी दाराजवळच्या बाकावर,
जिथे उत्तरेचा वारा आधी धूळ आणून टाकायचा.
स्तोत्रं इतकी संथ
की एका शब्दात एक गाय दोहून व्हावी.
सगळी पाठ होती मला. सतरा कडवी.
सारा फेर दहाव्याला अडखळायची,
मी मागून शब्द पुढे सरकवायची
जसा कुणी शिंकणाऱ्याला रुमाल द्यावा.
ती मागे वळून बघायची नाही.

म्हातारी नेटा गीसब्रेख्ट,
डोळ्यांत दूध उतरलेली,
प्रार्थना संपली की अंगणातल्या टाकीपाशी बसायची
आणि येणाऱ्या प्रत्येक पोरीचा हात धरायची.
कुणाची गं तू?
नाव पटलं की एप्रनच्या खिशातून पेपरमिंट.

नऊ वर्षांची होते. म्हणाले,
फेरांची. सारा.
तिनं माझी बोटं नाकाशी नेली.
आई पहाटे चिपा भाजायची, पीठ मीच मळायची.
"फेरांच्या घरी बडीशेप कधीपासून?"
एवढंच म्हणाली,
आणि गोळी दिली.

खरी सारा गेली तेव्हा तिला मिळाली नाही.
"आत्ताच तर नेलीस."
सारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गालातल्या फुगवट्याकडे.
आता सांगेल, आता सांगेल, मी धरून चालले.
पुढच्या रविवारी तिनंच मला कोपरानं ढकललं:
जा. माझ्या नावानं घे. मला नाही आवडत पेपरमिंट.
तो उपकार होता की हाकलणं,
अजून ठरवता आलेलं नाही.
चार वर्षं मी रविवारी सारा होते,
टाकीपासून फाटकापर्यंत.

त्यांच्या भाषेत आपण आणि आम्ही यांना एकच शब्द.
उपदेशक त्या शब्दानं म्हणायचा, पापी आहोत,
तेव्हा मी त्यात असायची.
त्याच शब्दानं म्हणायचा, हे काटेरी रान तोडून विहिरी खणल्या,
तेव्हा नसायची.
दार तेच. कधी उघडं, कधी लोटलेलं,
आणि कडीचा आवाज फक्त मला यायचा.
आईच्या ग्वारानीत मात्र दोन शब्द:
न्यांदे, ज्यात ऐकणाराही येतो,
ओरे, ज्यात तो उंबऱ्याबाहेर राहतो.
आई दिवसभर कुणाशी बोलायचीच नाही,
त्यामुळे दोन्ही तसे कोरेच होते.

नेटा गेली त्या दिवशी
आम्ही दोघी मागच्या पडवीत पाव कापत होतो,
मातीनंतरच्या कॉफीसाठी.
खिडकीतून उपदेशकाचा आवाज आला:
आपली नेटा गेली. किंवा, आमची.
शब्द एकच, म्हणून आईला विचारलं,
आपल्या बोलीत हे कसं म्हणायचं, न्यांदे की ओरे?
सुरी थांबली.
"ज्यांचं माणूस मेलंय त्यांना विचार.
पाव काप. दोनशे लोक आहेत."
आत दहावं कडवं आलं, कुणीतरी अडखळलं,
आणि पडवीतून, पावाच्या चुऱ्यात हात घालून,
मी शब्द पुढे सरकवला.
कुणाला पोचला माहीत नाही.

तेरा नंबर अजून वाट बघतोय.
कुणाची गं?
मी त्याच्याच बोलीत म्हणते,
आधी हात सरळ ठेवा.